कर्जाच्या करारात विस्थापिताचे नाव कोठे आहे?

धरणाची कोनशिला बसते, वीजघराचे बटण दाबले जाते, महामार्गाची फीत कापली जाते. आणि अशा प्रत्येक समारंभात एक वाक्य ठरलेले असते. राष्ट्राच्या उत्कर्षासाठी ज्यांनी आपली घरेदारे दिली त्यांचे आम्ही ऋणी आहोत, असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि टाळ्या पडतात. हा ‘ऋणी’ शब्द पुढारी सहज उच्चारतात. आम्ही तो आज जसाच्या तसा धरणार आहोत. ऋण असेल तर त्याचा कागद असतो, रक्कम असते, मुदत असते, व्याज असते आणि फेड न झाल्यास दाद मागण्याचे ठिकाण असते. ज्या बँकेने त्या धरणाला पैसा दिला तिच्या ऋणाला हे सर्व आहे. ज्याच्या चुलीवर पाणी चढले त्याच्या ऋणाला यांपैकी काय आहे?

आमच्या काही वाचकांना वाटेल की बँका, रोखे आणि डॉलर यांचा विषय आपल्या पाक्षिकात कशाला? नवदीक्षित कुटुंबांपुढे शिक्षणाचे, नोकरीचे, गावातील अत्याचाराचे प्रश्न काय थोडे आहेत! वाचकहो, हा विषय त्या प्रश्नांच्या बाहेरचा नाही. धर्मांतराबरोबर आपण मेलेली ढोरे ओढणे सोडले, गावकीची हलकी कामे सोडली, आणि त्या कामांवर मिळणारी भाकरीही सोडली. सोडली ते उत्तम केले. परंतु त्यानंतर आपल्यापैकी बहुसंख्यांच्या हाती उरली ती दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी, थोडेसे गायरान आणि गावकुसाबाहेरची एक झोपडी. यांपैकी एकाही गोष्टीचा सातबारा आपल्या नावावर नसतो. आणि कर्ज काढून जेव्हा एखादा राष्ट्रीय प्रकल्प गावावर येतो, तेव्हा मोजणीदार सर्वांत आधी सातबाराच मागतो.

सार्वजनिक विकास बँकेचा व्यवहार समजण्यास अवघड नाही. धरण, रेल्वे, वीजघर यांचे उत्पन्न बऱ्याच वर्षांनी सुरू होते आणि पुढे दोन पिढ्या चालते. साधी बँक लोकांच्या थोड्या मुदतीच्या ठेवी घेऊन चालते. तिला वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज देणे झेपत नाही. म्हणून एक सरकार, किंवा अनेक सरकारे मिळून, भांडवल घालून वेगळी बँक काढतात. ती बँक रोखे विकते. रोख्यांमागे सरकारची पत उभी असते म्हणून व्याज कमी पडते, आणि तो पैसा लांब मुदतीने प्रकल्पास मिळतो. बांधकाम चालू असेपर्यंत मुद्दलाचा हप्ता मागितला जात नाही. कर्जाची रक्कमही एकदम हाती पडत नाही. इतके खोदकाम झाले, इतके काँक्रीट ओतले, अभियंत्याने दाखला दिला, की पुढची रक्कम सुटते. येथेच सारी गोम आहे. पैसा कशाच्या मापाने सुटतो? काँक्रीटच्या मापाने. किती कुटुंबे नव्या जमिनीवर नांदू लागली, किती मुले नव्या शाळेत बसली, हे माप पुष्कळ ठिकाणी वहीच्या शेवटच्या पानावर असते. म्हणून भिंत वेळेवर चढते, आणि वसाहतीचा नळ भिंतीनंतर कित्येक वर्षांनी येतो. कधी येतच नाही.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. धरणेच नकोत, वीजच नको, गावे जशी आहेत तशी राहू द्यावीत, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. गाव जसे आहे तसे राहण्यात आपले कल्याण किती होते, ते आपल्या आजोबांस विचारावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. जलसिंचन व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर त्या खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची चक्रे त्यांच्याच खात्यातून फिरली; ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत ते स्वतः अध्यक्षस्थानी होते. शेतीवरील माणसांचा भार उद्योगांनी हलका केल्याखेरीज दलितांची गुलामी सुटणार नाही, आणि उद्योगांना स्वस्त वीज हवी, हा त्यांचा विचार होता. तो आमचाही आहे. आमचा वाद धरणाशी नाही. धरणाच्या हिशोबाशी आहे.

दामोदर खोरे महामंडळ १९४८ च्या कायद्याने स्थापन झाले, आणि १९५० साली जागतिक बँकेने त्याच्या कामासाठी १ कोटी ८५ लक्ष डॉलरचे कर्ज दिले. भारताला त्या बँकेकडून मिळालेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी हे एक. त्याच महामंडळाच्या पंचेत धरणाचे उद्‍घाटन ६ डिसेंबर १९५९ रोजी झाले. पंतप्रधान नेहरूंनी बटण दाबण्याचा मान स्वतः न घेता धरणावर मजुरी करणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या संथाळ मुलीला दिला. देशभर त्याचे कौतुक झाले. पुढे काय झाले? पंतप्रधानांच्या गळ्यात हार घातला म्हणून तिच्या समाजाने तिला वाळीत टाकले, आणि १९६२ साली महामंडळाने तिला कामावरून कमी केले. पुन्हा नोकरी मिळावयास दोन दशकांहून अधिक काळ गेला, तोही दिल्लीपर्यंत दाद पोहोचली तेव्हा. बटण तिच्या हाती दिले गेले. हक्काचा कागद दिला गेला नाही. त्या मुलीची गोष्ट आम्ही दयेसाठी सांगत नाही. बँकेचा हप्ता कोणत्याही पंतप्रधानाच्या दयेवर अवलंबून नव्हता, एवढेच दाखवावयाचे आहे.

आता नर्मदेकडे या. सरदार सरोवर हे धरण गुजरातमध्ये, पण त्याचे पाणी महाराष्ट्राच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावांत आले. हे तालुके त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहेत. वस्ती भिल्ल आणि पावरा आदिवासींची. १९७९ च्या नर्मदा जलविवाद लवादाच्या निवाड्याने जमीनधारकाला जमिनीऐवजी जमीन, किमान २ हेक्टर, आणि सज्ञान मुलग्यांना स्वतंत्र कुटुंब असे ठरविले. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भूमिहीनाला त्या निवाड्याने जमीन दिली नाही. जंगलजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या आदिवासीचे नाव सरकारी दप्तरात नव्हते, म्हणून तो ‘अतिक्रमक’ ठरला. आपल्या गायरान कसणाऱ्या बांधवांना हा शब्द ओळखीचा आहे. कालव्याखाली ज्यांची शेते गेली त्यांना तर धरणग्रस्त म्हणूनच मोजले नाही, आणि एकटा मुख्य कालवाच ४५८ किलोमीटरचा! केवडिया परिसरातील सहा गावांची जमीन प्रकल्पाच्या वसाहतीसाठी १९६१ च्या सुमारास घेतली. त्यांनाही बुडीत क्षेत्रातील लोकांचे हक्क लागू झाले नाहीत, कारण त्यांची जमीन पाण्याने बुडाली नव्हती, सरकारने घेतली होती. २०१८ पासून त्याच परिसरात उंच पुतळा पाहण्यास प्रवाशांची रीघ लागते.

असा हा हिशोब अर्धवट असताना १९८५ साली जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले. पर्यावरण खात्याची सशर्त मंजुरी आली १९८७ साली. म्हणजे पैसा आधी ठरला आणि परिणामांचा विचार मागाहून! उठवावयाची माणसे किती, याची खरी मोजदादही त्या वेळी झालेली नव्हती. ज्या बँकेने सिमेंटच्या गोणीचा हिशोब मागितला तिने माणसांचा हिशोब का मागितला नाही? १९८० सालीच त्या बँकेने सक्तीच्या विस्थापनाविषयी स्वतःचे धोरण लिहून ठेवले होते. धोरण कपाटात राहिले.

खोऱ्यातील लोक लढले म्हणून बँकेला १९९१ साली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स तिचे अध्यक्ष, आणि कॅनडाचे कायदेपंडित थॉमस बर्जर त्यांचे सहकारी. जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला. ज्या स्थितीत काम चालले आहे त्या स्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही, बँकेने आणि सरकारांनी आपापली कर्तव्ये पार पाडलेली नाहीत, आणि बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा, असा त्याचा आशय होता. आपल्याच सावकाराने नेमलेल्या माणसांनी सावकाराला असे सुनवावे, हे क्वचितच घडते. तरीही ऑक्टोबर १९९२ मध्ये बँकेच्या संचालकांनी बहुमताने कर्ज चालू ठेवले. फक्त सहा महिन्यांत पुनर्वसनाची ठरावीक कामे करून दाखवावीत अशी अट घातली.

आणि मग मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर नको असे कळविले.

त्या दिवशी पुष्कळांना स्वाभिमानाचे भरते आले. परकी बँकेच्या अटी आम्ही झुगारल्या, असे सांगण्यात आले. आम्हीही स्वाभिमानाचे भोक्ते आहोत. म्हणूनच विचारतो, हा स्वाभिमान आधी कोठे होता? निविदा कशा काढाव्यात, हिशोब कसे तपासावेत, याच्या अटी त्याच बँकेने घातल्या तेव्हा तो जागा झाला नाही. पुनर्वसन करून दाखवा असे म्हणताच जागा झाला! ज्या अटी भिल्ल-पावऱ्यांच्या बाजूच्या होत्या तेवढ्याच राष्ट्राच्या अपमानाच्या ठरल्या. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले.

बँक गेली तरी पैसा थांबला नाही, आणि येथे या गोष्टीचा सर्वांत बोलका भाग आहे. त्याच १९९३ साली धरणाच्या निगमाने बाजारात रोखे विकले. आज ३,६०० रुपये द्या, वीस वर्षांनी १,११,००० रुपये घ्या, असा त्यांचा करार होता. पुढे हा भार जड वाटू लागला तेव्हा गुजरात सरकारला २००८ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला, आणि रोखेधारकांस मुदतीपूर्वी ५०,००० रुपये देऊन रोखे परत घेण्यात आले. रोखेधारक त्यावरही नाराज होते, आणि कराराच्या दृष्टीने त्यांची तक्रार वावगी नव्हती. पण पाहा, ज्याने ३,६०० रुपये दिले त्याच्या हाती रक्कम लिहिलेला कागद होता, तारीख होती, आणि ती तारीख बदलण्यासाठी विधिमंडळाला बसावे लागले. ज्याने आपले घर, शेत, नदी आणि जंगल दिले त्याची तारीख कितीदा बदलली याची गणती कोणी ठेवली? धरण १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण होऊन २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले. त्याही वर्षी खोऱ्यातील लोक पुनर्वसनाच्या मागणीसाठी उपोषणाला बसले होते.

हे केवळ नर्मदेचे आहे असेही नाही. कोयनेच्या विजेसाठी जागतिक बँकेचे कर्ज आले होते. ते केव्हाच फिटले. कोयनेचे धरणग्रस्त मात्र २०१८ साली कोयनानगरला पुन्हा ठिय्या देऊन बसले. तोवर तिसरी पिढी आली होती.

आमचा मुद्दा आता सरळ शब्दांत मांडतो. विस्थापित हा दयेचा अर्जदार नव्हे. तो प्रकल्पाचा सावकार आहे. त्याने आपले सर्वस्व प्रकल्पास दिले, तेही बँकेच्या आधी. आणि ते बिनव्याजी, बिनमुदतीचे आणि बिनजामिनाचे घेतले गेले. कर्जाचा व्याजदर स्वस्त पडतो असे अर्थतज्ज्ञ सांगतात; त्या स्वस्ताईचा काही भाग या न मोजलेल्या कर्जातून येतो.

यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. पहिले असे की बँकेचे काम कर्ज देणे, पुनर्वसन हे सरकारचे काम. हे उत्तर ऐकावयास नीट वाटते. परंतु बँक तर विजेचा दर किती असावा, ठेकेदार कसा निवडावा, विमा कोणता काढावा, येथपर्यंत बोलते. कारण या गोष्टी बिघडल्या तर तिचा पैसा अडकतो. माणसे उघड्यावर पडली तर तिचा पैसा अडकत नाही, म्हणून तेथे तिला आपल्या मर्यादा आठवतात. दुसरे उत्तर असे की अशा अटी घातल्या तर प्रकल्प महाग होतील आणि लांबतील. महाग होतील म्हणजे काय? किंमत वाढत नाही. कोणीतरी ती आजवर मुकाट्याने भरत होता, तो आता पावती मागतो आहे.

आणि पैसा नाही असे तर कोणी म्हणूच नये. आपल्या देशातील सार्वजनिक बँकांची कर्जे गेल्या दशकात मोठ्या प्रमाणावर बुडाली. ती अनेक प्रकारची होती. वीज, रस्ते आणि पोलाद यांच्या मोठ्या प्रकल्पांचाही त्यांत भरणा होता. तेव्हा २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारने त्या बँकांत तीन लक्ष कोटी रुपयांहून अधिक भांडवल ओतले. ते ओतावे लागले असेल. बँका बुडाल्या असत्या तर गरिबांच्याच ठेवी बुडाल्या असत्या, हे आम्ही जाणतो. परंतु कर्ज देणाऱ्याचे पुनर्वसन पाच वर्षांत होऊ शकते आणि धरणग्रस्ताचे पन्नास वर्षांत होऊ शकत नाही, हे गणित आम्हांस कोणी समजावून द्यावे.

आता नवा अध्याय सुरू झाला आहे. आयडीबीआय, आयसीआयसीआय यांसारख्या जुन्या विकास संस्था २००२ ते २००४ च्या दरम्यान व्यापारी बँका होऊन बसल्या. ती उणीव भरून काढण्यासाठी संसदेने २०२१ साली कायदा करून पायाभूत सुविधांना कर्ज देणारी नवी राष्ट्रीय बँक स्थापन केली. सरकारने २०,००० कोटी रुपयांचे भांडवल घातले. परदेशी संस्थांकडून ती कर्ज काढील तेव्हा सरकार अगदी नाममात्र शुल्कावर हमी देऊ शकेल, अशीही तरतूद आहे. आम्ही या बँकेचे स्वागत करतो. मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत, असे बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मांडले होते. सार्वजनिक पैशाने सार्वजनिक कामे व्हावीत यात आम्हांस आनंदच आहे. पण सार्वजनिक म्हणजे कोण? या पैशात आपल्या विम्याचे हप्ते आहेत, भविष्यनिर्वाह निधी आहे, साबणासारख्या रोजच्या वस्तूंमागे दिलेला कर आहे. त्या अर्थाने आपण बँकेचे मालक, आणि घर गेले तर प्रकल्पाचे सावकार. दोन्ही नात्यांनी आपली मागणी पोकळ नाही.

मागणी अशी की प्रत्येक कर्जाच्या करारात विस्थापितांचे देणे ही बँकेच्या हप्त्याआधीची पहिली जबाबदारी म्हणून लिहिली जावी, आणि बांधकामाची पुढची रक्कम सुटण्यापूर्वी त्या टप्प्यातील कुटुंबे वसल्याचा दाखला लागावा. तो दाखला अभियंत्याचा नव्हे, त्या वस्तीच्या ग्रामसभेचा असावा. करार मराठीत छापून गावात लावावा. आणि बँकेविरुद्ध तक्रार ऐकणारे, बँकेपासून स्वतंत्र असे मंडळ असावे. हे स्वप्नरंजन नाही. नर्मदेच्या लढ्यानंतर जागतिक बँकेला १९९३ सालीच असे तपासणी मंडळ नेमावे लागले. वॉशिंग्टनला जे मान्य करावे लागले ते मुंबई-दिल्लीला अशक्य का असावे?

भूमिहीनांचा प्रश्न मात्र कराराने आपोआप सुटणार नाही, कारण त्याचे मूळ दप्तरात आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या चळवळीच्या बळावर आपल्या लोकांनी गायराने कसली. कित्येकांच्या नावे ती आजही चढलेली नाहीत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची ७०१ किलोमीटरची वाट प्रामुख्याने संमतीच्या खरेदीखतांनी मोकळी केली गेली. खरेदीखत हा विकणारा आणि घेणारा यांच्यातील कागद. त्या शेतावर वीस वर्षे राबलेल्या मजुराची सही त्यावर येतच नाही. शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला तर आम्ही त्याचा हेवा करीत नाही. पण मजुराचे काय, हा प्रश्न त्या टेबलावर कोणी ठेवला?

२०१३ चा भूसंपादन व पुनर्वसनाचा कायदा याबाबतीत जुन्या कायद्याहून पुष्कळ पुढे गेला. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणारा शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीर हेही त्याने बाधित कुटुंबात धरले आहेत. धरणाच्या बाबतीत पाणी येण्यापूर्वी सहा महिने पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे असे म्हटले आहे. महाराष्ट्राने २०१८ साली दुरुस्ती करून पायाभूत प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देण्याची वाट काढली, ती आधी बंद झाली पाहिजे. परंतु जेवढे हाती आहे तेवढे तरी आपण वापरतो काय?

मोजणीची वार्ता कानी पडताच वस्तीने एकत्र बसावे. शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, मुलांचे शाळेचे दाखले, गायरानाबद्दल तलाठ्याने केलेल्या दंडाच्या पावत्या, रोजगार हमीच्या कामाची नोंद, जे असेल ते जमा करावे. दंडाची पावती लाजेने फाडून टाकू नये. ती जमीन आपण कसत होतो याचा पुरावा सरकारनेच आपल्या हाती दिलेला असतो. प्रकल्पाला कर्ज कोणत्या बँकेचे आहे आणि पुनर्वसनाच्या अटी काय आहेत, हे माहितीच्या अधिकाराखाली लेखी मागावे. आणि गणना करणारा दारी येईल तेव्हा घरातील प्रत्येक सज्ञान मुलगा व मुलगी, विधवा आणि टाकलेली बाई यांचे नाव स्वतंत्र कुटुंब म्हणून लिहून घ्यावे. कायदा तसे सांगतो. त्याने एकाच कर्त्या पुरुषाचे नाव लिहून वही मिटली, तर ती वही तेथेच पुन्हा उघडावयास लावावी.